एआयच्या काळातलं अंतर्गत मूल्यमापन: कोणते गुण राखायचे, कोणते मोकळे सोडायचे

दोन वर्षांपूर्वी सेमिस्टर संपता संपता माझ्या टेबलावर साठ असाइनमेंटचा गठ्ठा होता. त्यातली एक वाचताना मी थबकले. गडचिरोली जिल्ह्यातून नागपुरात शिकायला आलेली, वर्गात फारसं न बोलणारी मुलगी आणि कागदावर स्वच्छ, नीटनेटकं इंग्रजी. मी तिचे दोन परिच्छेद एआय ओळखणाऱ्या एका फुकट वेबसाइटवर टाकले. लाल पट्टी आली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये, इतर दोन शिक्षकांच्या देखत, मी तिला विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

ती म्हणाली, "मॅडम, माह्या हातचंच हाय. रफ वही आणू का?"

तिनं वही आणली. आधी मराठीत उत्तर, त्याच्या वर पेन्सिलीनं इंग्रजी, समासात शब्दकोशातले अर्थ. एक वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेलं. व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलेली, छोटी, साचेबद्ध वाक्यं होती ती, आणि वेबसाइटला ती यंत्राची वाटली होती. मी तिची माफी मागितली, तीही त्याच दोन शिक्षकांसमोर. त्यानंतर मी माझ्या अर्थशास्त्राच्या पेपरचं अंतर्गत मूल्यमापन पहिल्यापासून नव्यानं मांडलं. पदवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या कोणालाही ती पद्धत जशीच्या तशी उचलता यावी, म्हणून इथे क्रमानं लिहिते आहे.

आधी डिटेक्टर बंद करा

चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 ला लोकांसमोर आलं. ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच जानेवारी 2023 मध्ये एआयचं लेखन ओळखणारं साधन काढलं. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत त्यानं एआयनं लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त 26 टक्के पकडला आणि माणसानं लिहिलेल्या मजकुरापैकी 9 टक्के एआयचा ठरवला. अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये कंपनीनं ते मागे घेतलं.

त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी एआयचं लेखन ओळखणारे सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल परीक्षेतले 91 निबंध त्यांना दिले. सरासरी 61 टक्के निबंधांवर एआयचा शिक्का बसला. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले गेले. तेच टोफेल निबंध चॅटजीपीटीकडून शब्दसंपदा वाढवून परत दिले तर चुकीचे शिक्के कमी झाले. ज्यानं एआय वापरून मजकूर सजवला तो सुटतो आणि ज्यानं घाम गाळून साधं इंग्रजी लिहिलं तो अडकतो. आपल्या वर्गात उमरेड, काटोल, भंडारा, गोंदियाहून येणारी, मराठी माध्यमातून शिकलेली मुलं असतात. चुकीची लाल पट्टी आधी त्यांच्याच नावावर येणार.

इथे एक गल्लत नेहमी होते. उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची टक्केवारी आणि एआयची टक्केवारी एकसारखी मानली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमावलीत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाला पात्र नाही आणि पुढे पायऱ्या आहेत. पण तिथे साम्य दाखवता येतं: हे वाक्य, हा मूळ स्रोत, पडताळून पाहा. एआयच्या टक्क्यामागे असा कोणताही कागद ठेवता येत नाही. विद्यार्थ्याला खोडून काढता येत नाही आणि आपल्याला सिद्ध करता येत नाही, अशा आकड्यावर कोणाचे गुण कापू नका.

केवळ वाचून ओळखू, हा भरवसाही सोडा. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठात संशोधकांनी मानसशास्त्राच्या घरून द्यायच्या परीक्षेत खोट्या विद्यार्थ्यांच्या नावानं एआयची उत्तरं घुसवली. तपासणाऱ्यांना याची कल्पना नव्हती. 94 टक्के उत्तरं कोणाच्याही लक्षात आली नाहीत आणि त्यांना सरासरीनं खऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त गुण पडले. हा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर एआय मॉडेल आणखी सुधारली आहेत.

कागद घ्या आणि गुणांची फाळणी करा

प्रत्येक गुणावर पहारा बसवता येत नाही. बसवला तर त्यात आधी तीच मुलं भरडली जातात ज्यांच्याकडे वेळ, भाषा, निवांत खोली यांतलं काहीतरी कमी असतं. त्यामुळे एकच प्रश्न विचारायचा: या पेपरमध्ये पास झालेल्या मुलाला कोणत्या तीन-चार गोष्टी स्वतःच्या स्वतः आल्याच पाहिजेत? तेवढे गुण समोरासमोर राखा. बाकीचे मोकळे सोडा. सिडनी विद्यापीठानं असेच दोन मार्ग आखले आहेत: एक देखरेखीखालचा, एक मोकळा. मोकळ्या मार्गावर एआय वापरलं जाणार, हे गृहीतच धरायचं.

समजा पेपर 80-20 चा आहे. 80 ची लेखी विद्यापीठ घेतं, ती खोलीतच होते. 20 तुमच्या हातात आहेत: 10 चाचणीचे, 10 प्रकल्पाचे. ही शीर्षकं बदलण्याची परवानगी बहुतेक वेळा नसते आणि गरजही नाही. प्रकल्पाचे 10 आतल्या आत वाटा: 4 फाईलचे, 6 त्या फाईलवरच्या तोंडी परीक्षेचे. म्हणजे 20 पैकी 16 राखलेले, 4 मोकळे. हे कोष्टक विभागप्रमुखांकडून सत्राच्या सुरुवातीलाच मंजूर करून घ्या आणि पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहा. मध्येच बदललं तर मुलांनी तक्रार केलीच पाहिजे, आणि ती बरोबर असेल.

तुमचाच प्रश्न एआयला सोडवायला द्या

हे काम एका संध्याकाळचं आहे, पण टाळू नका. गेल्या वर्षीचे प्रश्न चॅटजीपीटीला आणि जेमिनीला मराठीत आणि इंग्रजीत घाला. आलेली उत्तरं नेहमीच्या निकषांनी तपासा. "संत्रा उत्पादकांच्या समस्या स्पष्ट करा" या माझ्या आवडत्या प्रश्नाला मला 10 पैकी 8 द्यावे लागले. भौगोलिक मानांकन, शीतगृहांचा अभाव, मधले दलाल, सगळं मुद्देसूद. त्यात फक्त नागपूर नव्हतं.

मग मी प्रश्न बदलला आणि नागपूरच्या कळमना या घाऊक बाजारावर बेतला: "कळमना बाजारात एक सकाळ काढा. एक उत्पादक आणि एक व्यापारी यांच्याशी बोला. उत्पादकाच्या हातात किलोमागे शेवटी किती पडले याचा हिशोब मांडा: गाडीभाडं, हमाली, तोलाई आणि आणखी जे काही कापलं गेलं ते. पाठ्यपुस्तकातल्या कोणत्या संकल्पनेनं हा हिशोब समजतो आणि कुठे समजत नाही ते लिहा."

एआय यालाही उत्तर देतं, खोटे आकडे घालून. म्हणूनच फाईलला 4 च गुण आहेत. पण असा प्रश्न तोंडी परीक्षेला बळ देतो, कारण विचारायला काहीतरी खरं शिल्लक राहतं. आणि कळमन्याला जाणं प्रत्येकाला जमत नाही, हे विसरू नका. व्हीलचेअरवरच्या मुलाला, सकाळी हिंगणा एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्याला, घरून एकटीला पहाटे पाठवत नाहीत अशा मुलीला तो बाजार दूरच. मी तीन पर्याय ठेवते: कळमना, महालातला बुधवार बाजार किंवा स्वतःच्या गल्लीतला भाजीवाला. फोनवरून गावाकडच्या नातेवाइकाची मुलाखतही चालते. हिशोबाची अट तिन्हीकडे तीच. मोजायची गोष्ट बदलू नका, तिथवर जायचे रस्ते वाढवा.

एआय कुठे चालेल ते प्रश्नाखालीच लिहा

"एआयचा गैरवापर करू नये" ही सूचना काही सांगत नाही. प्रत्येक कामाखाली दोन-तीन साधी वाक्यं हवीत. माझ्या प्रकल्पाच्या कागदावर असं छापलेलं असतं:

"या फाईलसाठी भाषा सुधारायला, मुद्दे समजून घ्यायला, मराठीचं इंग्रजी करायला एआय वापरता येईल. आकडे आणि मुलाखत तुमचीच हवी. शेवटच्या पानावर लिहा: कोणतं साधन वापरलं, काय विचारलं, त्यातलं काय ठेवलं, काय टाकून दिलं आणि का. वापर कबूल केला म्हणून एकही गुण कमी होणार नाही. तोंडी परीक्षा याच फाईलवर होईल."

चाचणीच्या कागदावर एकच वाक्य: "या चाचणीत फोन आणि एआय नाही." मधली धूसर जागा कुठेच ठेवू नका. नियम धूसर असला की बोलकी मुलं स्टाफरूममध्ये येऊन अर्थ विचारून घेतात आणि लाजरी मुलं घाबरून वापरतच नाहीत, किंवा लपून वापरतात.

पैशाचाही प्रश्न आहे. कोणाकडे महिन्याचं सबस्क्रिप्शन असतं, तर कोणाचा फोन भावासोबत वाटून घेतलेला असतो. म्हणून फाईलच्या निकषांत सफाईदार भाषेला, रंगीत आलेखाला, मुखपृष्ठाला गुण ठेवू नका. एआय वापरणं सक्तीचं असेल तर ते कॉम्प्युटर लॅबमध्ये, तासिकेत, सगळ्यांना एकच फुकट साधन देऊन करून घ्या.

तोंडी परीक्षा: सगळा भार इथे आहे

पहिला आक्षेप वेळेचा असतो, तर आधी हिशोब. साठ मुलं, प्रत्येकी 6 मिनिटं बोलणं आणि 2 मिनिटं गुण लिहिणं. 480 मिनिटं, म्हणजे 8 तास. रोज दोन तास धरले तर चार दिवस. पूर्वी एकेक फाईल वाचायला मला पाव तास तरी लागायचा, म्हणजे साठ फायलींना 15 तास. आता फाईल 5 मिनिटांत चाळते, पेन्सिलीनं तीन जागी खूण करते. 5 तास चाळणं, 8 तास तोंडी, एकूण 13. वर्ग 120 चा असेल तर तिघांचे 40 गट करा, प्रत्येक गटाला 12 मिनिटं. तेही 8 तासच होतात. मात्र गुण प्रत्येकाचे वेगळे आणि प्रत्येकाला किमान एक प्रश्न एकट्याला.

प्रश्न तीनच, आणि तिन्हींचा साचा सगळ्यांना सारखा:

पहिला, मागमूस काढणारा. "हा आकडा कुठून आला? कोणाला विचारलं? ते काय म्हणाले?"

दुसरा, समजावून सांगायला लावणारा. फाईलमधली खूण केलेली ओळ वाचून दाखवायची: "इथे तू मागणीची लवचिकता म्हटलंस. त्या विक्रेत्याच्या गाड्यावरून मला समजावून सांग."

तिसरा, परिस्थिती बदलणारा. "संत्र्याचं आंबिया बहाराचं पीक गारपिटीनं गेलं, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्या मृग बहाराच्या भावाचं काय होईल? का?"

प्रत्येकी 2 गुण. भाषेला शून्य. विद्यार्थी मराठी, हिंदी, इंग्रजी, वऱ्हाडी, ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत. पेपरचं माध्यम इंग्रजी असेल तर संज्ञा तेवढ्या इंग्रजीत विचारा.

यातून काय हाती लागतं ते एका प्रसंगावरून सांगते. एका मुलाच्या फाईलमध्ये "पुरवठा साखळीतील अकार्यक्षमता" हे शब्द चार वेळा आले होते. एआयचेच होते, त्यानं शेवटच्या पानावर तसं लिहिलंही होतं. मी म्हटलं, तुझ्या मुलाखतीतलं सांग. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग सुरू झाला: "मामानं बगीचा झाडावरच देऊन टाकला मॅडम. कळमन्यात नेला असता तर भाव जास्त भेटला असता, पन गाडीभाडं आधी खिशातून द्या लागते, अन तिथं भाव पडला तर गाडी वापस आनता येत नाही. झाडावर दिला का पैसा एका वेळी हातात." जोखीम कोण उचलतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे त्यानं दीड मिनिटात सांगितलं. त्याच्या फाईलमध्ये हे कुठेच नव्हतं, कारण घरची गोष्ट अभ्यासाची असते असं त्याला वाटलंच नव्हतं. त्याला 6 पैकी 6 दिले.

काही मुलांना बोलणंच जड जातं. अडखळत बोलणारी, कमी ऐकू येणारी, चार डोळे रोखलेले पाहून गोठणारी. त्यांच्यासाठी मी चार गोष्टी करते. तीन प्रश्नांचा साचा महिनाभर आधी वर्गाला देते. फोडण्यासारखं त्यात काही नाही, उत्तर फाईलवरच अवलंबून असतं. प्रश्न बोलून विचारते आणि कागदावरही पुढे ठेवते. विचार करायला मिनिटभर देते, त्या मिनिटात मान खाली घालून बसते. आणि कोणी मागितलं तर तेच तीन प्रश्न त्याच टेबलावर, माझ्यासमोर, 20 मिनिटांत लिहून द्यायची मुभा देते. कारण विचारत नाही. सरावाची एक फेरी सत्राच्या मध्यावर घ्या, गुणांशिवाय. पहिल्या पिढीत कॉलेजला आलेल्या मुलाला तोंडी परीक्षा कशी असते हे कोणी सांगितलेलं नसतं.

शक्य असेल तर दुसरा शिक्षक शेजारी असू द्या. रेकॉर्डिंग करायचं तर संमती घ्या, कशासाठी आणि कधी पुसणार ते सांगा. नाही म्हणणाऱ्याचं रेकॉर्डिंग करू नका, लेखी टिपण पुरतं.

चाचणी: वेळेचा दबाव काढा

आम्ही खोलीत घेतो ती चाचणी सुरक्षित असते, पण बरेचदा ती हाताच्या वेगाची परीक्षा होते. अर्ध्या तासाचा पेपर काढा आणि सगळ्यांना एक तास द्या. एका बाजूला हातानं लिहिलेला स्वतःच्या टिपणांचा एक ए-फोर कागद आणू द्या आणि तो उत्तरपत्रिकेला जोडून घ्या. पाठांतराची भीती जाते आणि टिपणं पाहून कोणाला काय समजलं हेही कळतं. शुद्धलेखनाचे गुण कापू नका, भाषेचाच पेपर असेल तर गोष्ट वेगळी.

हा सगळ्यांसाठीचा वेळ दिव्यांग विद्यार्थ्यांच्या हक्काच्या जागी धरायचा नाही, तो हक्क याच्या वर आहे. तो दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मधून येतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान 20 मिनिटं जादा आणि लेखनिक मिळतो. म्हणून खोली 80 मिनिटांसाठी राखून ठेवा, नाहीतर पुढचा वर्ग दाराशी येऊन उभा राहतो आणि त्या मुलाचीच धांदल होते. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2021 मध्ये लेखनिकाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की ही सोय केवळ 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही. प्रमाणपत्राचा टक्का पाहून मुलाला परत पाठवण्याआधी हे लक्षात असू द्या.

अंध विद्यार्थी कॉम्प्युटरवर लिहिणार असेल तर एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं मशीन लॅबमध्ये आदल्या दिवशी तपासा. इंटरनेटची केबल काढा, वायफाय बंद करा, पेपर पेनड्राइव्हवर वर्ड फाईलमध्ये द्या. स्कॅन केलेला पीडीएफ स्क्रीन रीडरला थेट वाचता येत नाही, आणि जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूरही नाही, युनिकोडच लागतो. पर्यवेक्षकाला हे आधी समजावून सांगा. कानाला हेडफोन दिसला की कॉपी समजून ओढला जाऊ नये.

तरीही शंका आली तर

फाईल आणि तोंडी उत्तर यांत जमीन-अस्मानाचं अंतर असेल तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. 4 गुण फाईलचे मिळतील, 6 तोंडीचे मिळणार नाहीत. गुणांनीच निवाडा होतो, कोणाला चोर ठरवावं लागत नाही. या मांडणीतली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त पटते.

खोटे आकडे, न झालेली मुलाखत असं काही उघड निघालं तर मात्र बोला. एकट्याला बोलवा, स्टाफरूममध्ये नाही. "हे तू कसं केलंस ते मला सांग," इथून सुरू करा. रफ वही, फोनमधले फोटो, गूगल डॉक्समधला बदलांचा इतिहास दाखवायला किमान दोन दिवस द्या. तुमचं म्हणणं आणि त्याचं म्हणणं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि पुढचं कॉलेजच्या समितीकडे द्या. निर्णय एकट्यानं घेऊ नका.

आपणही एक पथ्य पाळायचं आहे. मुलांच्या फायली नावासकट एआयमध्ये टाकून "गुण दे" म्हणणं बंद. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे. तो नसता तरीही, ज्यानं कळमन्यात पहाट काढली त्याचं लिहिलेलं माणसानं वाचायला हवं.

कुठून सुरुवात करायची

एक पेपर, एक सेमिस्टर. सगळ्या विभागाला पटवत बसू नका. पहिल्या वर्षी माझ्या तोंडी परीक्षा दोन दिवस लांबल्या, कारण मी प्रत्येकाशी दहा-दहा मिनिटं बोलत बसले. घड्याळ समोर ठेवा. सावनेर, रामटेककडची एसटी चुकली की मूल अर्धा तास उशिरा येतं, म्हणून रोजच्या दोन तासांनंतर पंधरा मिनिटं रिकामी ठेवा. उन्हाळी सत्रात तोंडी सकाळी आठला सुरू करा. एप्रिलमधली दुपार कोणाच्याही डोक्याला चालू देत नाही.

आणि एक बदली तारीख आधीच जाहीर करा. तोंडीत गोठलेल्या, आजारी पडलेल्या, घरी काही घडलेल्या कोणालाही त्या दिवशी पुन्हा येता येईल, अर्ज एका ओळीचा. माझ्याकडे साठांतून चार-पाचच येतात. गेल्या सत्रात त्यांत एक मुलगा होता, जो पहिल्यांदा एक शब्द बोलला नव्हता. दुसऱ्यांदा येताना त्यानं त्याच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची हिशोबाची वहीच सोबत आणली, त्याला विचारून, आणि टेबलावर उघडून बोलायला लागला.